सगळ्या डायलवर एकच शिट्टी

लहरीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मेहुण्यानं ठेवलेलं. मध्यम लहरींवरची लांबलांबची स्टेशनं ऐकत बसायचं खूळ, आणि स्वभावही तसाच, आत्ता एक तर घटकेत दुसरंच, म्हणून लहरीराव. मेहुणा थट्टा करून मोकळा झाला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आता पोस्टमनसुद्धा खाली विचारतो, "लहरीराव पहिल्या मजल्यावर ना?"

हा छंद म्हणजे नेमकं काय, ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जायचं. गावातलं स्टेशन काय, कुणीही ऐकतो. त्यात कसली मर्दुमकी? ही मंडळी ऐकतात ते समुद्रापलीकडचं, ज्याची भाषासुद्धा आपल्याला कळत नाही असलं. मध्यम लहरी दिवसा जवळच्या जवळ घोटाळत राहतात. सूर्य कलला की त्यांना पाय फुटतात आणि त्या कुठल्या कुठे जाऊन पोचतात. म्हणून सांज झाली की हे लोक हेडफोन लावून बसणार. नुसती खरखर आणि फरफर, त्यात कुठेतरी खोल एक आवाज, तो कुणाचा ते शोधून काढायचं. गाणी ऐकायची नाहीत, बातम्या ऐकायच्या नाहीत. स्टेशननं आपलं नाव सांगितलं की "मिळालं!" म्हणायचं आणि पुढच्या स्टेशनाच्या मागे लागायचं. लहरीरावांची बायको म्हणते, ही म्हणजे लोकांच्या दारावरच्या पाट्या वाचत हिंडायची हौस, आत कुणाकडे जायचं नाही. तिचं अगदीच चूक आहे असं नाही.

ती स्वतः एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर. दिवसभर कानाला हेडफोन, आणि त्यातून एकाच वेळी रडणारे नातेवाईक, ओरडणारे डॉक्टर आणि चुकीचे नंबर. घरी आल्यावर तिला कानाला काही लावायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. "तुम्ही हौसेनं करता ते मी पगारासाठी करते," असं ती म्हणायची, आणि इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्यांच्या हेडफोनला हात म्हणून लावला नव्हता.

लहरीरावांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेली. तिथे जन्मभर तीन अजस्र पंप धडधडत असायचे. हातवाऱ्यांनी बोलायचं, नाहीतर कानाशी येऊन बोंबलायचं. संध्याकाळी घरी आलं की त्यांना हवी असायची ती रेडिओची बारीक, नाजूक खरखर. निवृत्त झाल्यावर तर काय, रानच मोकळं मिळालं. त्यांनी खिडकीशी टेबल मांडलं, तारा गुंडाळलेली एक लाकडी चौकट करून घेतली आणि तिच्यावर अँटेनेचं काम सोपवलं. चौकट एका बाजूला वळवली की त्या बाजूचं स्टेशन वर येतं, दुसरं दबतं. घरातून त्यांनी विजेची एकूण एक कटकटी वस्तू हाकलून दिली होती. बल्ब घ्यायला जाताना खिशात छोटा रेडिओ घेऊन जायचे. दुकानदार बल्ब लावायचा, हे रेडिओ जवळ धरायचे, खरखर आली की मान हलवायची. दुकानदारानं शेवटी हात टेकले. "साहेब, सगळेच बल्ब घेऊन जा, घरी काय ती परीक्षा घ्या," म्हणाला.

या छंदातला त्यांचा एकच जिवाभावाचा माणूस म्हणजे मास्तर. दुसऱ्या एका शहरात राहणारे, भूगोल शिकवून निवृत्त झालेले. रोज फोन. दोघांचा एक कडक नियम होता: स्टेशनचं नाव आपल्या स्वतःच्या कानांनी ऐकलं, तरच ते मिळालं म्हणायचं. एकदा मास्तर दार उघडायला उठले आणि नेमकं त्याच वेळी त्यांच्या सुनेनं नाव ऐकलं, तर लहरीरावांनी ते स्टेशन सरळ नामंजूर करून टाकलं. मास्तर महिनाभर फुरंगटून होते.

लहरीरावांना सगळं मिळालं होतं, एक सोडून. पूर्वेकडे, भर समुद्रात एक बेट आहे, तिथलं इवलंसं स्टेशन. मासेमारी करणाऱ्यांना वाऱ्यावादळाची खबर देणारं. तिकडे दिवसाचा कार्यक्रम संपवताना एक बाई निरोपाचे चार शब्द बोलते, स्टेशनचं नाव घेते आणि सगळं बंद होतं. त्या वेळी इकडे दिवेलागण असते. पण डायलवर बरोबर त्याच जागी एक धिप्पाड स्टेशन ठाण मांडून बसलेलं. त्याच्यापुढे बेटाचं काय चालणार? मास्तरांना मात्र ते एकदा मिळालं होतं, धिप्पाड स्टेशन दुरुस्तीसाठी बंद होतं त्या संध्याकाळी. लहरीराव त्या वेळी मेहुण्याकडच्या लग्नात जेवत होते. तेव्हापासून ते मेहुण्याशी जरा तुटकच बोलायचे. आणि मास्तर तरी काय, दर चार दिवसांनी आठवण काढणार: "ती बेटावरची बाई हो! काय गोड आवाज!" लहरीरावांच्या जिवाचा नुसता जळफळाट व्हायचा.

मग एके दिवशी ते धिप्पाड स्टेशनच कायमचं बंद पडलं. आजकाल मध्यम लहरींवरची दुकानं अशी एकेक करून उठतच चालली आहेत. इतरांना हळहळ वाटली, लहरीरावांना गुदगुल्या झाल्या. जागा मोकळी! आता रोज संध्याकाळी बसायचं, आज ना उद्या बेट हाती लागणारच.

आणि नेमकी तेव्हाच ती शिट्टी आली.

बारीक, अखंड, टोचणारी शिट्टी. ईऽऽऽ. संध्याकाळी रेडिओ लावून एकचित्त झालं की हजर. डायल इकडे फिरवा, तिकडे फिरवा, शिट्टी जागची हलत नाही. चौकट गोल फिरवून पाहिली, कमी नाही की जास्त नाही. आता ज्यानं आयुष्यभर असल्या कटकटी शोधल्या, तो यातून काय अर्थ काढणार? डायलवर सगळीकडे सारखी, म्हणजे स्टेशन नव्हे, विजेचं काहीतरी उपकरण. कुठल्याही दिशेनं सारखी, म्हणजे इमारतीच्या वायरिंगमधूनच पसरलेली. घरातलं तर काही नाही, घर त्यांनी केव्हाच धुऊन काढलं होतं. म्हणजे शेजारचं कुणीतरी. सगळं कसं अगदी शास्त्राला धरून!

"आधी आपल्या घरातलं बघा ना," बायको म्हणाली.

"आपल्या घरात काही नाही. मला माहीत आहे."

वरच्या मजल्यावर शिवणताई राहायच्या. हेही इमारतीनंच ठेवलेलं नाव. चाळिशीची बाई, एकटीच्या जिवावर शिवणकामाचा धंदा, संध्याकाळ झाली की मशीन चालू. त्यांनी दोनच महिन्यांपूर्वी जुनं मशीन काढून इलेक्ट्रॉनिक मोटरचं नवं आणलं होतं, आणि कौतुकानं सगळ्यांना दाखवलंही होतं. नवं मशीन आणि नवी शिट्टी! लहरीरावांना चोर सापडला.

त्यातच मास्तरांचा फोन आला. आवाज पडलेला.

"लहरीराव, बातमी चांगली नाही. बेट बंद होतंय. या महिन्याअखेर. यंत्रं जुनी झाली, म्हणे, दुरुस्तीला माणूसच मिळत नाही."

महिना संपायला तीन आठवडेही उरले नव्हते. इतकी वर्षं वाट पाहिली, वाटेतला धोंडा दूर झाला, आणि आता हे. एकदा ते बंद झालं की संपलं. मग कितीही चांगला रेडिओ आणा, कितीही चौकटी फिरवा, जे नाहीच ते कुठून ऐकणार? त्या बाईनं नाव घेताना आपण ऐकलं नाही, तर आपण कसले ऐकणारे, असंच त्यांना वाटायला लागलं. ते तडक उठले आणि वरच्या मजल्यावर गेले.

"ताई, एक विनंती होती," त्यांनी सगळं समजावून सांगितलं. बेट, बाई, महिनाअखेर, मोटर, शिट्टी. शिवणताईंना त्यातलं निम्मंअर्धं कळलं असेल. पण लहरीरावांनी त्यांच्या घरातला नळ दोनदा फुकट दुरुस्त करून दिला होता, आणि म्हातारा माणूस जिना चढून आलाय, नाही कसं म्हणायचं?

"किती वेळ बंद ठेवू, काका?"

"उजेड कमी व्हायला लागला की मग जेवणाच्या वेळेपर्यंत. महिनाअखेरपर्यंतच हो!"

"माझी तीच वेळ कामाची असते," त्या म्हणाल्या. "दिवसा गिऱ्हाइकांची ये-जा असते, तेव्हा मापंच घेत बसते मी. शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आहे या वेळी." मग जरा थांबून म्हणाल्या, "बघते. सकाळी लवकर उठून करीन."

त्या संध्याकाळपासून वरचं मशीन गप्प झालं. शिट्टी मात्र होती तिथेच. लहरीराव म्हणाले, मोटर बंद असली तरी प्लग लावलेला असणार. परत वर गेले, प्लग काढायला लावला. मग म्हणाले, त्यांची इस्त्री असेल. इस्त्रीही बंद झाली. शिट्टी आपली चालूच. तळमजल्यावरच्या दंतवैद्याकडे जाऊन त्यांनी त्याच्या खुर्चीची चौकशी केली, लिफ्टच्या माणसाला धरलं, समोरच्या दुकानाच्या दिव्यांच्या पाटीकडे संशयानं बघत उभे राहिले. लोक त्यांना बघून दुसऱ्या बाजूनं जायला लागले. बायकोनं एकदा टोकलं, "त्या बिचारीचं मशीन बंद ठेवून काही फरक पडला नाही ना? मग तिला सांगा की चालू कर म्हणून." तर म्हणाले, "एक संशय कमी करून कसं चालेल? सगळे एकदम बंद असले पाहिजेत." हट्टाला पेटले की त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

सगळे एकदम बंद व्हायचा योगही आला. महिना संपायला आठवडाही उरला नसताना एका संध्याकाळी भागातली वीजच गेली. मोठी तार तुटली होती, चार-पाच गल्ल्या अंधारात. लोक गॅलरीत येऊन वीजकंपनीच्या नावानं बोटं मोडत होते, आणि लहरीरावांना इकडे आनंदानं काय करू आणि काय नको झालं होतं. रेडिओ बॅटरीवर! अख्ख्या भागात एक दिवा नाही, मोटर नाही, पाटी नाही. अशी संधी ऐकणाऱ्याला वर्षातून एकदासुद्धा मिळत नाही. त्यांनी घाईघाईनं हेडफोन लावले आणि बेटाची जागा गाठली.

खरखर खरोखरच गेली होती. डायल धुतल्यासारखी स्वच्छ. आणि त्या स्वच्छ शांततेत, पहिल्यापेक्षा चांगली ठणठणीत, शिट्टी.

ईऽऽऽ.

लहरीरावांनी चौकट फिरवली. डायल फिरवली. मग आवाजाचं बटण खाली खाली आणत पार बंद केलं. शिट्टी तेवढीच. त्यांनी रेडिओच बंद केला. शिट्टी. हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि नुसते बसून राहिले. घरात बायको नव्हती, फ्रिज बंद, पंखा बंद, गॅलरीतली माणसंही एव्हाना आत गेलेली. आणि शिट्टी होती. ती कधी रेडिओत नव्हतीच.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते त्यांना त्या वेळी कळलं. बायको कामावरून मेणबत्ती हातात धरून जिना चढून आली, तेव्हा त्यांनी तिला काहीच सांगितलं नाही. "बरं वाटत नाही का?" तिनं विचारलं, तर म्हणाले, "वीज गेली म्हणून कंटाळलोय." वीज गेली म्हणून लहरीराव कंटाळले! तिनं मेणबत्ती त्यांच्या तोंडासमोर धरली आणि नीट बघितलं. टेलिफोन ऑपरेटरपुढे खोटं बोलणं सोपं नसतं. झोपायच्या आत तिनं शिट्टीची सगळी गोष्ट काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना ओढतच आपल्या हॉस्पिटलात घेऊन गेली. कानाच्या डॉक्टर तिच्या ओळखीच्या. त्यांनी एका काचेच्या खोलीत बसवलं, बारीकसारीक आवाज ऐकवले, ऐकू आलं की बटण दाबा म्हणाल्या. लहरीरावांना ही परीक्षा म्हणजे घरचं काम वाटलं. ते कान टवकारून बसले. पुष्कळ वेळ बटण दाबायची वेळच आली नाही. त्यांना वाटलं, यंत्र बिघडलं असावं.

"यंत्र चांगलं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पंपघरात किती वर्षं होता तुम्ही? कानात काही घालत नव्हता? हं. बारीक आवाज गेलेत, काका. बोलण्यातली अर्धी अक्षरं त्यातच असतात. जे आवाज आता बाहेरून येत नाहीत, त्यांच्या जागी कान स्वतःच शिट्टी वाजवतो. ती जाणार नाही, सवय होईल. कानाचं मशीन लावा, घरातलं बोलणं तरी ऐकू येईल."

"आणि रेडिओ?"

"जवळचं स्टेशन येईल की ऐकू," डॉक्टर म्हणाल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

घरी आल्यावर जेवताना बायको म्हणाली, "वरती सांगून या."

"काय सांगू?"

"काय म्हणजे? तिच्या मशीनचा दोष नव्हता, हे."

"सांगतो. घाई काय आहे?"

खरी गोष्ट अशी की त्यांच्या जिभेवर ते येत नव्हतं. पंपघरातल्या कुठल्याही पंपाचा सूर बदलला की मैलभरावरून ओळखणारे लहरीराव, इमारतीत सगळ्यांना शांततेचे धडे देणारे लहरीराव, त्यांनी जाऊन म्हणायचं, की मी बहिरा झालोय? आणि मनात दुसरंही होतं, ते तर त्याहून वाईट. मोटरची शिट्टी नसली तरी थोडी खरखर तर असतेच. ताईंनी महिनाअखेरपर्यंत मशीन बंदच ठेवलं तर काय बिघडलं? एकदा कळलं की त्या चालू करणार. म्हणून आज सांगू, उद्या सांगू करत चार दिवस गेले. रोज संध्याकाळी वरचं मशीन थांबायचं, आणि ते थांबलं की लहरीरावांना घास जात नसे.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी बायको कामाला निघताना दारातच थांबली. "तुम्ही सांगताय, की संध्याकाळी येऊन मी सांगू?"

ते दुपारी वर गेले. शिवणताई निळ्या कापडाच्या ढिगाऱ्यात बसल्या होत्या, डोळे तांबारलेले, तोंडात टाचण्या. मागे दोरीवर बिनबाह्यांचे गणवेश लटकत होते.

"ताई, ते मशीन आता चालू ठेवा. शिट्टी तुमच्या मोटरची नव्हती."

त्यांनी टाचण्या काढून ठेवल्या. "मग कशाची?"

"माझ्या कानातली. कान बिघडलेत माझे. डॉक्टरांनी सांगितलं."

शिवणताईंचा चेहरा एकदम मऊ झाला. "अरेरे! काका, हे कधी कळलं?"

इथे थोडं खोटं बोलून सुटता आलं असतं. "सोमवारी," लहरीराव म्हणाले.

ताईंनी बोटांवर दिवस मोजले. मऊपणा होता तो गेला. "सोमवारी कळलं. आणि काल संध्याकाळपर्यंत मी इथे हात बांधून बसले होते. पहाटे उठून शिवते, दुपारी डोळे मिटतात, दोन बाह्या उलट्या लागल्या काल. उद्या सकाळी शाळेची गाडी येणार आहे कपडे न्यायला. आणि तुम्ही खाली बसून ऐकत होतात, मी बंद करते ते?"

"चुकलं माझं."

"तुम्हाला खूप बोलले असते, काका," शिवणताई म्हणाल्या. "पण मला वेळ नाही." आणि त्यांनी मशीन चालू केलं. लहरीराव तोंडात मारल्यासारखे खाली आले.

संध्याकाळ झाली. वरून घर्रऽऽ, थांबणं, परत घर्रऽऽ. एरवी त्यांनी पाय आपटले असते. आज त्यांनी मुकाट्यानं खिडकी लावली, हेडफोन घातले आणि बेटाची जागा धरली. रेडिओवर एक काटा असतो, येणाऱ्या आवाजाचा जोर दाखवणारा. सूर्य गेला तसा काटा हळूहळू उचलला. काहीतरी येत होतं! लहरीरावांनी डोळे मिटले, श्वास धरला. शिट्टीच्या मागे एक गुणगुण होती. माणूस की वाद्य, बाई की पुरुष, काही समजेना. चौकट केसभर इकडे, केसभर तिकडे. काटा डोळ्यांना सांगत होता, आलंय, आलंय. कानात नुसती गुणगुण. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात येऊन उभं होतं आणि यांना दारच उघडता येत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला.

किल्लीचा आवाज त्यांनी ऐकला नाही. बायको समोर येऊन उभी राहिली, खांद्याला पर्स तशीच. त्यांनी हेडफोन काढून तिच्यापुढे धरले.

"मी?" ती म्हणाली.

"बघ काय येतंय. मला ऐकू येत नाही."

इतक्या वर्षांत त्यांनी हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं. तिनं पर्स खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि हेडफोन चढवले. एका हातानं उजवा कान दाबून धरला, ऑपरेटर लोक धरतात तसा.

"बाई बोलतेय," ती लगेच म्हणाली.

"बाई! नक्की?"

"नक्की म्हणजे काय? बाईच आहे. वयानं मोठी आहे. सावकाश बोलतेय, काहीतरी वाचून दाखवतेय." मग तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "मधेच घर्र होतं, तेवढं जातं."

"ते वरचं मशीन."

"वाचणं संपलं वाटतं. आता नुसतं बोलतेय." तिनं वर छताकडे बघितलं. "अहो, मी पटकन वर जाऊन येऊ? दोन मिनिटं थांब म्हणते. आज शेवटचा दिवस आहे म्हटल्यावर ती नाही म्हणायची नाही."

नाही म्हणाल्या नसत्या, हे लहरीरावांना पक्कं ठाऊक होतं. वाचणं संपलं म्हणजे आता निरोप, आणि निरोपातच नाव. हीच ती दोन मिनिटं. वरून घर्रऽऽ झालं. त्यांना ते कानानं नाही, टेबलावर ठेवलेल्या तळहाताला कळलं.

"जाऊ का? पटकन बोला."

"नको," ते म्हणाले.

"अहो, पण..."

"नको म्हटलं ना! तिला शिवू दे. तू ऐक."

ती ऐकत राहिली. लहरीराव तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिची भुवई वर गेली, ओठ जरा उघडले, हात हेडफोनवर घट्ट झाला. काटा थरथरत होता. मग तो एकदम खाली पडला आणि तसाच पडून राहिला.

"गेलं," ती म्हणाली.

"नाव घेतलं?"

"घेतलं असेल. दोनदा घर्र झालं मधे." तिनं हेडफोन मानेवर उतरवले. "अहो, ती रडत होती."

तेवढ्यात फोन वाजला. मास्तरच. आवाज मोठा करून लहरीरावांनी तो कानाशी धरला. "लहरीराव! आमच्याकडे नुसता विजांचा कडकडाट, काहीसुद्धा नाही मिळालं. तुमचं काय? मिळालं का?"

मिळालं म्हटलं असतं, तर मास्तरांनी डोळे मिटून विश्वास ठेवला असता. विचारायला तरी कोण जाणार होतं? बेटावरच्या स्टेशनात आता कुणी नव्हतं.

"नाही मिळालं," लहरीराव म्हणाले. "ही ऐकत होती. हिलाही नाव नाही मिळालं. आणि मास्तर, माझे कान गेलेत. यापुढे मला मिळायचं नाही."

पलीकडे बराच वेळ काहीच ऐकू येईना. मास्तर गप्प होते की हळू बोलत होते, तेही कळेना. शेवटी मास्तर ओरडले, "म्हणजे मग हे मिळालं असं धरता येणार नाही!" मास्तरांना दुसरं काय म्हणावं ते सुचलं नसावं.

"नाहीच येणार," लहरीराव म्हणाले. "उद्या करतो फोन."

बायको अजून तशीच बसली होती. उठून दिवा लावायचंही तिला सुचलं नव्हतं. लहरीरावांनी आपली खुर्ची ओढत ओढत तिच्या खुर्चीला टेकवली.

"कशी रडत होती?"

ती विचार करायला लागली. "आधी नाही. आधी रोजच्यासारखं बोलत असावी, सवयीचं. मग अडखळली. शेजारी कुणीतरी होतं, पुरुष, त्यानं काहीतरी म्हटलं तिला. त्यावर ती हसली जरा. आणि मग परत बोलायला गेली तर..."

"मोठ्यानं सांग."

"मोठ्यानंच सांगतेय हो."

"मग जवळ ये," लहरीराव म्हणाले. "आणि पहिल्यापासून सांग."

ती त्यांच्या कानाशी वाकली आणि पहिल्यापासून सांगू लागली.